मंत्रिमहोदय, हार्ट अटॅक येण्याचा मला चांगला सराव आहे

माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

आपण कामात असाल म्हणून चार ओळींत आटोपायचं ठरवलं होतं. जमेलसं दिसत नाही.

मी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दीड वर्षापूर्वी आमच्या स्किल लॅबची फीत आपण कापलीत. सीपीआरच्या, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याच्या सरावाच्या, पुतळ्यासोबत आपला फोटो निघाला, तो अजून दर्शनी भिंतीवर आहे. त्यात आपले दोन्ही हात पुतळ्याच्या पोटावर आहेत. (छातीचं हाड जरा वर असतं. असो.) प्रत्येक विद्यार्थिनीचा हात या पुतळ्यावर बसलाच पाहिजे, असं भाषणात सांगून आपण गेलात आणि लॅबला कुलूप लागलं. महागाची वस्तू, मुली बिघडवतील, असं स्टोअरचं म्हणणं. तपासणी पथक येतं त्या दिवशी तेवढी उघडते.

वर्गात आम्ही साठ. की बासष्ट, गळालेल्या धरल्या तर. सीपीआरची एक पाळी दोन मिनिटांची, म्हणजे सगळ्यांना मिळून दोन तास लागले असते. दीड वर्षात पुतळ्याला दोन तास सवड झाली नाही?

मग सराव होतो तो असा. एकीनं पेशंट व्हायचं. ती मी. छातीवर मूठ दाबायची, डावा हात धरायचा, कण्हायचं. मला ते इतकं झकास जमतं की मॅडम दुसरीला घेतच नाहीत. चार प्रात्यक्षिकं झाली, चारही वेळा अटॅक मलाच आला. ईसीजी मशीन म्हणजे बुटांचा खोका आणि लोकरीचे दहा धागे. इलेक्ट्रोड चिकटवायची चौथ्या-पाचव्या बरगडीमधली जागा मैत्रिणी माझ्या युनिफॉर्मवरून अंदाजानं शोधतात आणि 'मॅडम, ऑक्सिजन लावला' म्हणतात. तो ऑक्सिजन तरी सरसकट कशाला? 2017 साली स्वीडनमध्ये सहा हजारांवर रुग्णांवर अभ्यास झाला. रक्तातला ऑक्सिजन नीट असलेल्यांना वरून दिल्यानं फायदा दिसला नाही. आता तो 90 टक्क्यांखाली गेला तरच देतात. आमच्या झेरॉक्स नोट्सना हे कुणी कळवलेलं नाही.

परवा कॅज्युअल्टीत पन्नाशीच्या एक बाई आल्या. मधुमेह. जबडा जड झालाय, मळमळतंय, दम लागतोय, एवढंच सांगत होत्या. छातीवर मूठ नाही, कण्हणं नाही. मी त्यांना उलटीचं भांडं दिलं. बायकांत आणि मधुमेहींत अटॅक असाही येतो, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे, गुणही मिळालेत. पण चार वेळा मी जे नाटक केलं होतं, तसं त्या करत नव्हत्या ना! पहिल्या दहा मिनिटांत निघायला हवा तो ईसीजी निघायला पंचवीस लागली. घड्याळ मी तेव्हा पाहिलं नाही, तीसही असतील. इलेक्ट्रोड मी वर लावले होते, म्हणून पुन्हा काढावा लागला. सगळ्यांसमोर ऐकून घेतलं, 'तिसऱ्या वर्षाला येऊन एवढंही येत नाही?' बाई वाचल्या, सीनियर सिस्टरांमुळे. मी दोन रात्री झोपलेले नाही.

येणार कसं, साहेब? वॉर्डात आम्ही बेड बनवतो, रजिस्टरं भरतो, फाइली एक्स-रेला पोचवतो. भरती तुम्ही करायची नाही, रिकाम्या जागा आमच्या 'प्रशिक्षणा'वर भागवायच्या. आणि कागद बघाल तर सगळं चोख! माझ्या लॉगबुकात 'छातीत दुखणाऱ्या रुग्णाची तातडीची शुश्रूषा : केली' यापुढे चार सह्या आहेत. चारही वेळा मी आडवी होते.

लॅबची किल्ली वर्गशिक्षिकेकडे द्यायला सांगा. खरं ईसीजी मशीन द्या, त्यात कागदही असू द्या.

सोमवारी पाचवं प्रात्यक्षिक आहे. पेशंट ठरलेला आहे.

आपली,
तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी
(नाव लिहीत नाही, अंतर्गत गुण अजून मिळायचे आहेत)