बी विंगमधल्या काकू, तुमच्यामुळे आमच्या खिडकीत पक्षी आले

काकू नमस्कार,

समोर भेटलात की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय उडवून लावता, म्हणून आता लिहूनच टाकते.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या दिवसभर खिडकीशी बसायच्या आणि बघायला काय, तर समोरच्या बिल्डिंगचे एसी आणि त्यावरची कबुतरं. मी बर्ड फीडर ऑर्डर करणार होते तर तुम्ही लिफ्टमध्येच म्हणालात, मुंबईत नुसते दाणे टांगलेस तर पहिली कबुतरंच येतील, आधी पाणी ठेव, झाडं लाव. आणि संध्याकाळी स्वतःच मातीची पसरट थाळी घेऊन हजर! पाणी दोन इंचांच्या वर नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेव म्हणजे चिमणीला उभं राहता येतं, आणि रोज बदल नाहीतर डासांच्या अळ्या होतात. हमेलिया आणि जास्वंदीच्या कुंड्याही तुमच्याच गॅलरीतून आल्या.

दाण्यांचं भांडं तर तुम्ही दीड इंची चौकोनांच्या जाळीच्या पिंजऱ्यात बसवून दिलंत, चिमण्या आरामात आत शिरतात, कबुतराला जमत नाही. रोज मूठभर बाजरी किंवा राळा, ब्रेड आणि फरसाण अजिबात नाही. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा आपल्या सोसायटीतही केवढी भांडणं झाली, पण तुम्ही आवाज न चढवता सगळ्यांना समजावलंत की कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. मला ते फार आवडलं होतं, तेव्हा बोलायचं राहून गेलं.

आता आमच्याकडे लालबुड्या बुलबुल जोडीने आंघोळीला येतात, सकाळी दयाळ गातो आणि शिंजीर (सनबर्ड) हमेलियाच्या नळीसारख्या फुलांत चोच घालून मध पितात. यंदा शिंजिराच्या मादीने कपडे वाळत घालायच्या तारेलाच घरटं केलं! कोळ्याच्या जाळ्याचे धागे, सुकलेल्या पानांचे तुकडे, सालींचा भुगा असं कायकाय चिकटवून लांबट पिशवी विणली, बाजूला दार आणि दारावर छोटीशी पडवी. नर आसपास फिरायचा पण विणकाम सगळं तिचंच. तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही ती तार सोडून दिली, पडदा बंद, मोबाईल घेऊन जवळ जायचं नाही. दोन्ही पिल्लं उडाली त्या दिवशी सासूबाईंनी शिरा करायला लावला.

आणि आमच्या चिरंजीवांना तुम्ही पक्षीतज्ज्ञ सलीम अलींची गोष्ट सांगितलीत ना, की लहानपणी इथेच मुंबईत गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी ओळखता येईना म्हणून ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत (बीएनएचएस) गेले आणि तिथून त्यांना पक्ष्यांचं वेड लागलं, तेव्हापासून हा वहीत पक्षी लिहून ठेवतो. टुक टुक ऐकलं की तांबट शोधायला धावतो. क्लासला उशीर होतो पण होऊ दे.

मनापासून थँक्यू काकू. सासूबाईंचा तो काळ तुमच्यामुळे सोपा गेला, हे त्या स्वतः म्हणतात. ए विंगमधल्या वहिनींनाही हमेलिया लावायचाय, दोन फांद्या द्याल का? रविवारी घ्यायला येते, सासूबाईंनाही आणते, त्या आता लिफ्टपर्यंत चालतात.