तुम्ही जे सांगितलं नाहीत, त्याचेही आभार

प्रिय ताई,

आभाराच्या पत्रात लोक आधी गुण किती आला ते लिहितात. मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतो. आमची लेक 'पूर्ण बरी होईल' असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, त्याचे आधी आभार. साध्या स्पर्शानं, आवाजानं बिथरणाऱ्या लेकीला घेऊन थेरपीसाठी तुमच्याकडे येईपर्यंत आम्हाला दोनच प्रकारची माणसं भेटली होती. एक म्हणायची, काही नाही हो, लाडावलीय, लक्ष देऊ नका. दुसरी म्हणायची, अमुक महिन्यांत नॉर्मल करून देतो, पैसे आधी भरा. तुम्ही मात्र जमिनीवर बसकण मारलीत, तिच्याकडे न बघता एक मऊ चेंडू दाबत राहिलात आणि आम्हाला प्रश्न विचारत सुटलात.

'रडते' एवढ्या उत्तरावर तुमचं समाधान होईना. मोजे घालताना रडते की घातल्यावर? सगळ्याच मोज्यांना, की शिवण बोटांवर येते त्यांनाच? मिक्सर अचानक सुरू झाला की कान झाकते, पण बटण तिनं स्वतः दाबलं तर? (तर हसते! हे आम्ही रोज बघत होतो, पण त्यालाही काही अर्थ असेल असं डोक्यात आलं नव्हतं.) झोपाळ्यावरून उतरल्यावर चक्कर येते का? शू लागल्याचं वेळेवर कळतं का? या शेवटच्या प्रश्नाला तिची आई चमकली, कारण आमच्या घरी तो विषय आजवर आळशीपणाच्या खात्यात जमा होता.

पंचेंद्रियं आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलेली असतात. तुम्ही आणखी तीन सांगितलीत. आतल्या कानातून येणारी तोलाची आणि हालचालीची जाणीव; स्नायू आणि सांधे देतात ती, डोळे मिटले तरी आपला हात कुठं आहे हे कळवणारी जाणीव; आणि भूक, तहान, शू, छातीतली धडधड अशी शरीराच्या आतली जाणीव. एकाच मुलात यातली एखादी फार तीक्ष्ण आणि दुसरी बोथट असू शकते, हे तुमच्याकडून ऐकलं तेव्हा लेक पहिल्यांदा सलग समजली. कॉलरमागचं लेबल जिला सोसत नाही, तीच सोफ्यावरून धाडकन उडी कशी मारते, याचं कोडं आम्हाला सुटत नव्हतं. तिची कातडी हलक्या स्पर्शाला दचकत होती आणि सांधे जोराचा दाब मागत होते. नाटक कशातच नव्हतं.

केस धुण्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. त्या दिवशी घरात सकाळपासून ताण असायचा. पाणी कोमट, शाम्पू बिनवासाचा, डोळ्यांत थेंब जाणार नाही अशी खबरदारी, हे सगळं आम्ही करून चुकलो होतो. तुम्ही एवढंच विचारलंत, "पाणी पडायच्या आधीच आकांत सुरू होतो का?" हो, मान मागे केली की लगेच. मग तुम्ही समजावलंत की डोकं मागे कललं की आतल्या कानातल्या तोलाच्या यंत्रणेला ते लगेच कळतं, आणि काही मुलांना त्या क्षणी आपण खरोखर पडतोय असं वाटतं. म्हणजे आम्ही इतके दिवस पाण्याशी भांडत होतो आणि पाणी बिचारं निर्दोष होतं. तेव्हापासून ती पुढे वाकून बसते, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, घडी घातलेला कोरडा टॉवेल कपाळावर स्वतःच घट्ट दाबून धरलेला. प्रत्येक वेळी पाणी ओतण्याआधी आम्ही सांगतो आणि तिनं 'हं' म्हटल्यावरच ओततो. जादू झाली नाही. कुरकुर अजून आहे. पण कुरकुर आणि किंकाळी यांत किती अंतर आहे, ते ज्यांच्या घरी आहे त्यांनाच कळेल.

नखांचंही असंच मार्गी लागलं. अंघोळीनंतर नखं मऊ असताना, आधी बोट नीट दाबून, मग एकेक. तीन बोटांवर थांबायचं असेल तर थांबायचं. उरलेली उद्या.

आजीशी तुम्ही बोललात ते आमच्याकडून कधीच जमलं नसतं. नात गालावरून फिरवलेला हात झटकते, म्हणजे तिला आपण नकोच, असं आजीनं मनाशी धरलं होतं. तुम्ही आजीच्याच दंडावर आधी बोटांची टोकं अलगद फिरवलीत आणि मग तिथंच तळवा घट्ट ठेवलात. "कुठला बरा वाटला?" पुढचं आजीला सांगावं लागलं नाही. आता ती आधी समोर येते, विचारते आणि मग दोन्ही खांद्यांवर हात दाबून ठेवते. नात पळत नाही. कधीकधी स्वतः जाऊन पाठ टेकते.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं, ते. 'सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर', म्हणजे संवेदना नीट हाताळता न येण्याची अडचण, हे नाव आम्ही कुठूनतरी वाचून आलो होतो आणि तुम्ही त्यावर शिक्का मारावा अशी आमची अपेक्षा होती. एका नावानं बऱ्याच नातेवाइकांची तोंडं बंद झाली असती. पण तुम्ही शांतपणे सगळी हकीकत सांगितलीत. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या थेरपिस्ट) संवेदनांच्या अडचणींचा हा विचार मांडला, 1972 मध्ये त्यांचं पुस्तक आलं, आणि तुमचं बरंचसं काम त्याच पायावर उभं आहे. तरीही 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानांच्या पुस्तकात, हे स्वतंत्र निदान म्हणून नाही. संवेदनांना अति किंवा फार कमी प्रतिसाद देणं हा मुद्दा तिथं ऑटिझमच्या निकषांत आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2012 मध्ये डॉक्टरांना सांगितलं की हे नाव निदान म्हणून वापरू नका, आधी ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), हालचालींच्या समन्वयातल्या अडचणी, चिंता हे सगळं तपासा. थेरपी एकूण योजनेचा भाग म्हणून चालेल, पण पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगा. आणि तुम्ही ते सांगितलंत. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ऑटिझम असलेल्या 138 मुलांवरच्या ब्रिटिश चाचणीत सेन्सरी इंटिग्रेशन थेरपीचा (एअर्स यांच्या विचारावरच्या थेरपीचा) नेहमीच्या मदतीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, हेही सांगितलंत. दुकानदार आपल्याच मालातली खोट गिऱ्हाइकाला दाखवतो, असं कधी बघितलंय का कुणी?

त्या दिवशी गाडीत आम्ही दोघं गप्प होतो. मग तिची आई म्हणाली, "या बाईंचंच ऐकायचं."

तुम्ही शिक्का मारला नाहीत, पण विकासतज्ज्ञ बालरोग डॉक्टरांकडे आणि कानांच्या तपासणीला पाठवलंत. आणि रोज घरात दिसतील अशा साध्या गोष्टी ध्येय म्हणून लिहायला लावल्यात. 'संवेदना सुधारणे' वगैरे नाही. 'शाळेचे बूट रडारड न होता घालणे' असं. ठरलेल्या मुदतीत फरक दिसला नाही तर तो उपाय बंद. वजनदार जॅकेट तसंच बंद केलंत. वजनदार पांघरूण विकत घ्यायला आम्ही उतावीळ झालो होतो, तेव्हा तुम्ही 2014 च्या एका अभ्यासाबद्दल बोललात: ऑटिझम असलेल्या मुलांची झोप त्यानं वाढली नाही, पण मुलांना आणि आईबापांना ते आवडलं. "तिला आवडत असेल तर घ्या. झोपेच्या आशेवर घेऊ नका." आवाज अडवणाऱ्या हेडफोनबद्दलही तुमचा इशारा लक्षात आहे: गर्दीत, कार्यक्रमात जरूर, पण दिवसभर नाही, नाहीतर कान साध्या आवाजालाही हळवे होत जातात.

मेल्टडाउनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन तिचा ताबा सुटतो तेव्हा, काय करायचं, याबद्दल तुम्ही फार थोडं बोललात, आणि तेच बरं झालं. दिवा मंद, बोलणं कमी, बघे बाहेर. समजावणं नंतर, तेही जमलं तर. हट्टाला काहीतरी हवं असतं आणि समोर कुणीतरी लागतं, हिला त्या वेळी कुणीच नको असतं. हा फरक ओळखता आला की आपला आवाज आपोआप खाली येतो.

शाळेसाठी तुम्ही लिहून दिलेल्या पानात कुठलंही जड शास्त्र नव्हतं. रांगेत तिला शेवटी उभं करा, म्हणजे मागून कुणाचा धक्का लागणार नाही. बाक दारापासून लांब. वर्गात चुळबुळ वाढली की वह्यांचा गठ्ठा उचलून दुसऱ्या खोलीत नेण्याचं काम द्या. घंटा होणार असेल तर आधी खूण करा. वर्गाच्या बाईंना ते पटलं, कारण त्यात त्यांना करता येण्यासारखं होतं. गठ्ठ्याचं काम आता आणखी एक मुलगा मागतो, असं त्या हसत सांगत होत्या.

केस कापणं अजून जमलेलं नाही. मशीनचा आवाज लांबून ऐकू आला तरी ती माझ्या मागे दडते, त्यामुळे घरी कात्रीनं मीच कापतो आणि ते तसंच दिसतं. त्यावर पुढच्या भेटीत बोलू.

ते शाळेचं पान ओळखीच्या पालकांना देऊ का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, द्या, पण तिचं नाव खोडा आणि वर ठळक लिहा की हे एका मुलीसाठी लिहिलंय, तुमच्या मुलाला आधी बघून घ्या. तसंच लिहून देतोय.

तुमचा,
तिचा बाबा