धाडीत घागरा दिसतो, करारपत्र कोण मागणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या बुधवारी तुमच्या शहर पानावर बातमी होती. शहराबाहेरच्या एका बारवर रात्री धाड, ‘सहा बारबाला ताब्यात’. सोबत फोटो. सहाही जणींनी ओढणीनं तोंड झाकलेलं. डावीकडून तिसरी उभी आहे ना, तिच्या अंगातला मोरपंखी घागरा मी शिवलेला आहे. तोंड झाकूनही मी ओळखली, तिच्या घरच्यांनीही ओळखलीच असेल. बातमीत मालकाचं नाव नव्हतं. गिऱ्हाइकांचं तर नव्हतंच. ‘तोकडे कपडे’ मात्र दोनदा होतं. (तो घागरा घोट्यापर्यंत आहे, साडेचार मीटर कापड लागलं. असो.)

मी ४७ वर्षांची आहे. गोळीबार चौकाकडच्या एका गल्लीत शिवणकाम करते. त्याआधी १९ वर्षं नाचले. सुरुवातीची सहा पनवेलकडच्या बारमध्ये, बाकीची इकडे ऑर्केस्ट्रात आणि मंडईच्या हंगाम्यात, म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रेतल्या स्टेजवरच्या नाचात. बारमध्ये पगार नव्हता. दहा-दहाच्या नोटा उडायच्या, वेटर टोपलीत गोळा करायचा, पहाटे मोजणी. अर्ध्या मालकाच्या, अर्ध्या सगळ्या मुलींच्या, आणि त्यातूनही गाडीचे, मेकअपचे पैसे कापलेले. किती कापले ते विचारायचं नसतं.

ऑगस्ट २००५ मध्ये बारमधल्या नाचावर बंदी आली आणि मी नागपूरला परतले. पोलीस कायद्यात ३३-अ कलम घातलं, त्याच्या मागोमाग ३३-ब घालून थ्री स्टार आणि वरच्या हॉटेलांना सूट दिली. नाच तोच, थाळी महाग असली की चालतो. हायकोर्टानं एप्रिल २००६ मध्ये ती बंदी रद्द ठरवली, पण सरकार वर गेलं आणि बंदी राहिलीच. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १६ जुलै २०१३ ला, की ही बंदी समानतेच्या आणि धंदा-व्यवसायाच्या हक्काला धरून नाही. बंदी लागली तेव्हा मी २७ ची होते, निकाल आला तेव्हा ३५ ची. नाचणारीची ही आठ वर्षं म्हणजे काय, ते एखाद्या खेळाडूला विचारा.

पुढे २०१४ ला पुन्हा बंदी, तिला स्थगिती, मग २०१६ चा नवा कायदा. नाव लांबलचक आहे, त्यात अश्लील नृत्यावर प्रतिबंध आधी येतो आणि महिलांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण नंतर. १७ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं त्यातल्या बऱ्याच अटी काढून टाकल्या. शाळा-देवळापासून एक किलोमीटरची अट गेली, आतल्या सीसीटीव्हीची गेली, दारूची जागा आणि नाचाची जागा वेगळी ठेवायची अटही गेली. नोटा उडवायच्या नाहीत, हातात टिप दिली तर चालेल, असं ठरलं. टीव्हीवर दोन दिवस एवढंच चाललं.

पण त्याच निकालात एक अट कोर्टानं शाबूत ठेवली. नाचणारीशी लेखी करार करायचा आणि तिचा मोबदला बँक खात्यात भरायचा. दरमहा पगाराचीच सक्ती तेवढी काढली. मी हे वाचलं तेव्हा मशीन थांबवून पुन्हा वाचलं. माझ्या १९ वर्षांत माझ्या नावाचा एकही कागद नव्हता. मी कुठे काम केलं याचा पुरावा म्हणजे घरातले तीन फोटो आणि उजव्या पायाचा घोटा.

त्यानंतर धाडींच्या कितीतरी बातम्या आल्या. किती जणी होत्या, काय घातलं होतं, कोणतं गाणं वाजत होतं, सगळं असतं. करारपत्रं तपासली, ती नव्हती म्हणून मालकावर कारवाई झाली, असं मी एकदाही वाचलेलं नाही. मालकानं परवाना ऑर्केस्ट्राचा काढलेला असतो, मुलगी कागदोपत्री गायिका. माइक तिच्या हातात बंद असतो, हे रोज येणाऱ्या गिऱ्हाइकालाही माहीत असतं. ती दोन पावलं नाचली की नियम तिनं मोडला! आणि ‘ताब्यात’ हा शब्द तर फार सोयीचा आहे. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण लागतं, महिला अधिकारी लागते, मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्यात होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यातही आहे. अटक म्हटलंच नाही तर परवानगी कशाची?

आपल्याच नागपूर खंडपीठानं ऑक्टोबर २०२३ मध्ये उमरेडकडच्या एका रिसॉर्टच्या प्रकरणात गुन्हा रद्द केला. तोकडे स्कर्ट घालून नाचणं किंवा पोलिसांना अश्लील वाटतील असे हावभाव करणं, एवढ्यावरून ते कृत्य अश्लील ठरत नाही, असं म्हटलं. चांगलं झालं. पण त्या याचिकेत कोर्टात गेलेले पाचही जण नाच बघणारे पुरुष होते. नाचणाऱ्यांची याचिका नव्हती. कोणत्या कागदाच्या जोरावर जातील त्या?

आता हंगाम्याबद्दल. २०१६ चा कायदा हॉटेल-बारपुरता आहे, मंडईतल्या ट्रॉलीच्या स्टेजला तोही नाही. पार्टीवाला गावच्या मंडळाकडून सुपारी घेतो, आठ-नऊ जणींना एका गाडीत कोंबून कुही, मौद्याकडे नेतो, रात्रीचे दोन-दोन शो. असाच एका गावात फळीचा तुकडा निघाला आणि माझा पाय खाली गेला. घोटा मोडला. पार्टीवाल्यानं दोन हजार हातात ठेवले, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या गेटपाशी उतरवलं आणि गाडी दुसऱ्या गावाला नेली, कारण तिथला शो बाकी होता. प्लास्टर सहा आठवडे. त्या दोन हजारांची पावती द्यायची तर तो कोण आणि मी कोण, हे लिहावं लागलं असतं.

आमच्यातल्या एका पोरीचा गेल्या वर्षी परतीच्या गाडीत पार्टीवाल्याच्या दोस्तानं हात धरला. मी तिला सांगितलं, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, ऑफिसातल्या बायांपुरताच नाही. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, आणि कामासाठी मालकानं दिलेली गाडीही कामाची जागाच धरतात. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, ‘मावशी, पार्टीवाल्याचं पूर्ण नाव माहीत हाय काय मले? त्याले सगळे राजाभाऊच म्हणतात.’ तीन महिने असेच गेले.

माझ्या भाचीनं मोबाइलवर अमेरिकेतली बातमी दाखवली होती. लॉस एंजेलिसमधल्या एका बारच्या नर्तकींनी मार्च २०२२ पासून दारातच निदर्शनं केली. गिऱ्हाइकांचा त्रास, रखवालदार मध्ये पडत नाहीत आणि स्टेज धड नाही, या त्यांच्या तक्रारी. मे २०२३ मध्ये युनियनसाठी मतदान झालं, १७ विरुद्ध शून्य. स्टेज धड नाही म्हणून! मी घोट्याकडे बघून हसले. तिथेही म्हणे क्लबवाले नर्तकींना कामगार न म्हणता स्वतंत्र ठेकेदार म्हणतात, म्हणजे जबाबदारी नको. आपल्याकडे एवढा शब्द शोधायचीही कुणाला गरज पडलेली नाही.

तुमच्या बातमीदाराला माझी विनंती आहे. पुढच्या धाडीत साहेबांना विचारा, करारपत्रं पाहिली का, पैसे खात्यात जात होते का. उत्तर आलं तर छापा, नाही आलं तरी तसं छापा. फोटो बारच्या पाटीचा टाका. आणि ‘बारबाला’ लिहू नका हो. ऑर्केस्ट्रातल्या ढोलकीवाल्याला तुम्ही कधी बारबाळ्या म्हटलेलं नाही.

मी स्वतः तरी कुठे धीट आहे? असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड काढताना सेंटरवरच्या पोराने पूर्वीचा व्यवसाय विचारला, मी शिवणकामच सांगितलं.

भाऊबीजेपासून मंडया सुरू होतील. माझ्याकडे अकरा घागरे शिवायला आले आहेत. माप घेताना प्रत्येकीला विचारते, कागद झाला का. नऊ जणी हसल्या, एक म्हणाली, पार्टीवाला काम तोडेल. अकरावीनं मोबाइल काढून फोटो दाखवला. कोऱ्या कागदावर तिचं नाव, तारीख, आणि ‘प्रति शो १५००’. खाली सही नव्हती. मी म्हटलं, सही घे. म्हणाली, ‘शुक्रवारी येतो म्हणाला.’

आपली एक वाचक,
नागपूर
(नाव छापू नये ही विनंती)