नोंदींच्या ॲपची नवी आवृत्ती: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. गेले काही महिने आमच्या नोंदींच्या ॲपची नवी आवृत्ती तयार करण्यात गेले. तिच्यातले जवळजवळ सगळे बदल वापरणाऱ्यांच्या तक्रारींतून आले आहेत आणि त्यांतली पहिली तक्रार तुझीच होती, म्हणून ही हकीकत तुला सविस्तर कळवावी असे मनापासून वाटते.

तू विचारले होतेस, “यात सेव्हचे बटण का नाही?” तुझ्यानंतर कितीतरी जणांनी तेच विचारले आणि प्रत्येकाला आम्ही एकच उत्तर देत राहिलो की ॲप नोंद आपोआप जतन करते, बटणाची गरज नाही. मग एका बाईंनी लिहिले की वडिलांच्या औषधांच्या वेळा डॉक्टर सांगत असताना त्या उतरवून घेत होत्या, मध्येच फोन आला, बोलणे झाल्यावर परत येऊन पाहतात तो शेवटच्या चार ओळी गायब. ते वाचल्यावर मी बटणाचा विचार बाजूला ठेवला आणि त्या चार ओळी गेल्या कुठे, ते शोधायला बसलो. आमचे ॲप माणूस नोंदीतून मागे आला की मजकूर जतन करीत असे. पण फोन आला की ॲप पडद्यामागे जाते आणि मेमरी कमी पडली तर अँड्रॉइड पडद्यामागची ॲप सरळ बंद करून टाकते. मागे येण्याची वेळच येत नाही, आणि न जतन झालेला मजकूर त्याबरोबर जातो. म्हणजे आपोआप जतन होते हे आमचे म्हणणे नेमके गरजेच्या क्षणी खोटे ठरत होते. लोक बटण मागत होते ते त्यांना खात्री हवी होती म्हणून.

आता लिहिणाऱ्याचे बोट अर्धा सेकंद थांबले की मजकूर फोनमधल्या डेटाबेसमध्ये उतरतो, ॲप पडद्यामागे जातानाही उतरतो, आणि नोंदीच्या वर “जतन झाले” असे बारीक अक्षरांत वेळेसह दिसते. बटण मात्र दिलेले नाही. बटण दिले असते तर ते दाबायला विसरण्याचा दोष वापरणाऱ्याच्या माथी गेला असता, आणि ते मला मान्य नव्हते.

दुसरी तक्रार सिंकची, म्हणजे एकाच माणसाच्या वेगवेगळ्या यंत्रांवरच्या नोंदी एकमेकींशी जुळवून घेण्याची. एकच नोंद फोनवर नेट नसताना बदलली आणि टॅबलेटवरही बदलली, तर ज्या बदलाची वेळ नंतरची तो राहायचा आणि दुसरा पुसला जायचा. त्यातही वेळ ठरायची त्या त्या यंत्राच्या घड्याळावरून, त्यामुळे ज्याचे घड्याळ पाच मिनिटे पुढे, त्याचे जुने लिखाणही जिंकायचे. नवी आवृत्ती दोन्ही प्रती ज्या मूळ प्रतीतून निघाल्या तिच्याशी ताडून पाहते. वेगवेगळ्या ओळी बदलल्या असतील तर दोन्ही बदल ठेवते, आणि तीच ओळ दोन्हीकडे बदलली असेल तर दोन्ही रूपे एकाखाली एक दाखवून निवड लिहिणाऱ्यावर सोपवते. यात कधीकधी एखादी ओळ दोनदा दिसेल, हे मी जाणतो. पण जास्तीची ओळ माणूस खोडू शकतो, गेलेली ओळ आठवून पुन्हा लिहिणे फार अवघड.

सर्वांत जास्त काळ मला एका साध्या वाटणाऱ्या वाक्याने अडकवले: “नोंद समोर दिसते आहे, पण शोधली तर सापडत नाही.” त्या गृहस्थांनी पाठवलेला शब्द होता “दुसऱ्या”. पडद्यावर नोंदीत आणि शोधाच्या चौकटीत तो अगदी सारखा दिसत होता. आत पाहिले तेव्हा कळले की एक कीबोर्ड “ऱ” या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून पुढे “या” जोडतो, तर दुसरा साध्या “र”ला हलन्त लावून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ही दोन्ही रूपे चालतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. ते जोडचिन्ह नुसते काढून टाकावे असे सहकाऱ्यांनी सुचवले. मी अडून बसलो, कारण तसे केले असते तर “दऱ्या” आणि “दर्या” एक झाले असते. शेवटी शोधासाठी मजकुराची वेगळी प्रत ठेवून तिच्यात ही दोन्ही रूपे एकसारखी करून घेतली. लिहिणाऱ्याच्या मूळ मजकुराला हात लावलेला नाही.

रंगीत पार्श्वभूमीची मागणी बरीच होती, ती पुढे ढकलली आहे. लिखाण सुरक्षित नसताना त्याची सजावट करणे मला पटले नाही.

आता प्रकाशनाविषयी. ॲपलच्या ॲप स्टोअरवर टप्प्याटप्प्याने अपडेट देण्याची सोय आहे: पहिल्या दिवशी १ टक्का, मग २, ५, १०, २०, ५० आणि सातव्या दिवशी सर्वांना. प्ले स्टोअरवर हे टक्के आपणच ठरवतो; तिथेही सुरुवात थोड्यांपासूनच करणार आहे, कारण डेटाबेसची रचना बदलली आहे आणि जुन्या नोंदींची प्रत आधी बाजूला काढून ठेवली असली तरी काळजी वाटतेच. ज्यांनी तक्रारी केल्या त्यांना मी स्वतः उत्तरे लिहितो आहे. प्ले स्टोअरवर उत्तराला ३५० अक्षरांचीच मर्यादा असल्यामुळे कारण थोडक्यात सांगून चूक आमची होती एवढे स्पष्ट लिहितो.

तुला मात्र चाचणीची आवृत्ती आजच पाठवतो आहे. फोनचे नेट बंद करून एखाद्या नोंदीतली एक ओळ बदल, तीच ओळ टॅबलेटवर वेगळी लिही, मग नेट सुरू कर. समोर जे येईल ते पाहून दोन्ही रूपांतले कोणते कुठल्या यंत्रावर लिहिले होते हे तुला लगेच उमगते का, एवढे मला कळव. तिथली शब्दयोजना अजून माझ्या मनासारखी झालेली नाही, आणि तुझे उत्तर येईपर्यंत मी ती कायम करणार नाही.

तुझा स्नेही