लाखाच्या आतली गाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारच्या पुरवणीतला जुन्या गाडीच्या खरेदीवरचा लेख वाचला. काल दिवसभर गप्प बसलो, आज राहवेना. लेखक महाशयांनी चौकटीत, तेही जाड टायपात, जे ब्रह्मवाक्य दिले आहे की ‘डिझेल गाडी एक लाखाच्या पुढे पळाली असेल तर तिचा विचारही करू नका’, ते वाचून आमच्या सौ.नी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “हे तुम्हीच लिहून दिलंत की काय?”

त्यांनी असे विचारण्याला कारण आहे. या वाक्याची किंमत आमच्या घराने ८४ हजार रुपये मोजलेली आहे.

२०१८ साली हेच वाक्य तोंडपाठ करून मी गाडी बघायला निघालो होतो. घरात माणसे सात, आणि आईला दर महिना-दीड महिन्याला पुण्याला डॉक्टरांकडे न्यावे लागे. नवी सात आसनी गाडी बँकेतल्या कारकुनाच्या पेन्शनीत बसणारी नव्हती. दोन जुन्या गाड्या समोर आल्या. एक ओळखीतल्यांची, १ लाख ७० हजार पळालेली. तिचे बॉनेटसुद्धा न उघडता मी नमस्कार केला. दुसरी हायवेवरच्या एका विक्रेत्याकडची, २०११ चे मॉडेल, मीटरवर ६२,४००. “नाशिकच्या डॉक्टरांची गाडी आहे काका, फक्त रविवारी बाहेर निघायची.” आपल्या राज्यात डॉक्टरांनी विकलेल्या म्हणून जेवढ्या गाड्या दाखवल्या जातात, त्या सगळ्या खऱ्या धरल्या तर एकेका डॉक्टरच्या दारात दहा-दहा गाड्या उभ्या असायला हव्यात. पण तेव्हा मला ते सुचले नाही. सीट कव्हर नवे होते, स्टिअरिंगवर नवे कव्हर होते, क्लच आणि ब्रेकच्या पेडलची रबरेही कोरी होती. फक्त रविवारी निघणाऱ्या गाडीची रबरे ६२ हजारांत का बदलावी लागली, हा साधा प्रश्न मला पडला नाही. मी आकडा बघितला आणि विसार देऊन आलो.

नऊ महिन्यांनी पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढत होतो. आवाज नाही, धूर नाही, इंजिन एकदम गप्प. रात्रीचे साडेनऊ. आईचे वय तेव्हा ७८, आणि त्याच दिवशी डोळ्याचे ऑपरेशन झालेले. तिला सतरंजी टाकून कठड्याच्या आत बसवले, बाजूने ट्रक हॉर्न देत चाललेले. क्रेन यायला पावणेतीन तास लागले. एवढ्या वेळात आई एकदाच बोलली, “अरे, ती पहिली गाडी काय वाईट होती?” तिला गाडीतले काही कळत नव्हते, तरीही.

साताऱ्याच्या मेस्त्रीने सकाळी वरचे प्लॅस्टिकचे कव्हर काढले आणि मला हाक मारली. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा, तुटला होता, त्यामुळे व्हॉल्व्ह वाकले होते, हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलावे लागणार होते. पण त्याने हाक मारली होती ती वेगळ्याच गोष्टीसाठी. बेल्टच्या झाकणावर तेलकट झालेले एक स्टिकर होते. कुठल्याशा गॅरेजचा फोन नंबर, खाली बॉलपेनने ‘टा. बेल्ट बदलला, मार्च २०१४, १,०१,३०० कि.मी.’ आणि माझ्या मीटरवर त्या दिवशी आकडा होता ७१ हजार आणि काही शे.

मी त्या नंबरवर फोन लावला. गाडीचा नंबर सांगताच पलीकडचा माणूस खुशीत म्हणाला, “शिर्डीची भाडी मारायची की ती!” म्हणजे पांढऱ्या पाटीवर टूरिस्टचा धंदा. ती खरी किती पळाली होती ते साईबाबांनाच ठाऊक. मेस्त्रीच्या अंदाजाने दोन लाख तरी नक्कीच.

विक्रेत्याकडे गेलो. त्याने चहा मागवला. “मीटरची गॅरंटी कुणीच देत नाही हो काका,” म्हणाला, आणि पावतीच्या मागे छापलेले ‘गाडी जशी आहे तशी’ हे शब्द बोटाने दाखवले. ग्राहक मंचात जायला दोन वर्षांची मुदत असते हे मला माहीत होते. पण घरात आईचे दुखणे चालू असताना ती दोन वर्षे कशी गेली ते कळले नाही. चूक माझी, कबूल.

आता मुद्दा. मीटर मागे घेतल्याने गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजते, इतकेच नुकसान नसते. बेल्ट, गिअर ऑइल, कूलंट हे सारे किलोमीटर मोजून बदलायचे असते. ज्याच्या मीटरवर खरे दोन लाख आहेत, त्याला काय बदलायचे ते कळते. ज्याच्या मीटरवर खोटे ६२ हजार आहेत, तो बेल्टला अजून पुष्कळ अवकाश आहे असे समजून घाट चढतो. आणि मीटर मागे का घेतात? तुमच्या त्या चौकटीमुळे. लाखाच्या वर गिऱ्हाईक बघतच नाही म्हटल्यावर बाजारातली प्रत्येक गाडी लाखाच्या आत येऊन बसते. लेखकांनी ‘कमी रनिंगची गाडी शोधा’ म्हणून सांगितले आहे. शोधायची गरजच नाही, हायवेला सगळ्या त्याच आहेत. त्याच पुरवणीत, लेखाच्या बरोबर खाली, ‘रनिंग अतिशय कमी, डॉक्टर यूज्ड’ अशी पाव पानाची जाहिरात आपण छापली आहे. योगायोग असेल.

ती गाडी दुरुस्त करून मी खरे काय ते सांगून पडत्या भावात विकली. २०२२ मध्ये पुन्हा गाडीची गरज पडली तेव्हा माझे साडू बरोबर आले. साडूंची सगळी नोकरी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत गेली. एसटीची गाडी दिवसाला तीनशे कि.मी. पळते, म्हणजे वर्षात लाख, असा हिशेब डोक्यात पक्का असलेल्या माणसाला तुमची लाखाची चौकट दाखवली तर तो काय बोलेल ते छापण्यासारखे नाही.

लोणंदच्या एका कांदा व्यापाऱ्यांकडे २०१३ ची इनोव्हा होती, अडीच लिटर डिझेल, मीटरवर २,१४,०००. मी बाहेरच थबकलो. साडू म्हणाले, “आधी बिलं बघू.” मालकांनी कापडी पिशवी आणून ओतली. दर दहा हजारांना एक, अशी सर्व्हिसिंगची २१ बिले निघाली. साडूंनी ती तारखेप्रमाणे लावली आणि आकडे एकापुढे एक चढत गेले आहेत ना, एवढेच पाहिले. या अडीच लिटर इंजिनालाही टायमिंग बेल्टच असतो (२०१६ च्या इनोव्हा क्रिस्टाला चेन आली), आणि तो बदलल्याचे बिल त्यात होते. मग मालकांना सांगितले, उद्या सकाळी सहाला येतो, तोवर गाडी सुरू करायची नाही. गार इंजिन पहिल्या चावीला घेतले. साडूंनी ऑइलचे झाकण काढून त्या तोंडावर तळहात धरला, डिपस्टिक ओढली, बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनच्या कडेने निसटलेला दाब तिथून बाहेर फुंकणे) नाही म्हणाले. टायरवरचे चार आकडे वाचले, त्यात कितव्या आठवड्यात, कुठल्या साली बनला ते असते. शेवटी सालप्याच्या घाटात तिसऱ्या गिअरवर चढवून क्लच सरकतो का, म्हणजे इंजिन नुसते घुमते आणि गाडी ओढत नाही असे होते का, ते पाहिले. सरकत होता, थोडासा. त्याचे वीस हजार भावातून कमी करून घेतले.

६ लाख ७५ हजारांना घेतलेली ती गाडी आज २ लाख ७१ हजारांवर आहे. फुकट पळते असे मी म्हणणार नाही. क्लच प्लेट, दोन नोझल, एसीचा कॉम्प्रेसर, खालचे बुश, असे तेलपाणी सोडून लाख-सव्वा लाख गेले. पण रस्त्यात एकदाही उभी राहिलेली नाही. ज्यांना एवढा खर्च सोसणार नाही त्यांनी पळालेली गाडी घेऊच नये. लेखकांनी हे लिहिले असते तर मी पोस्टाचा खर्च केला नसता.

लिहायला हवे होते ते वयाबद्दल. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ५ हजार झाली, वर हरित कर. माझी इनोव्हा २०२८ ला त्या रेषेवर येते, आणि तिची किंमत ठरवेल ते हे साल. दिल्लीच्या स्वस्त गाड्यांची लेखकांनी जी भलामण केली आहे, त्या तिथे डिझेलला दहा वर्षांची मर्यादा घातल्यामुळे स्वस्त झाल्या. एनओसी आणून इथे पुन्हा नोंदणी, आपल्या राज्याचा कर, हे धरले की त्यातला स्वस्तपणा किती उरतो ते लेखकांनी एकदा पाटीवर मांडून पाहावे.

आणखी एक. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचे अधिकारपत्र लागते, ताब्यातल्या गाडीच्या प्रत्येक फेरीची किलोमीटरसह नोंद ठेवावी लागते. नियम चांगला आहे. परवा पुतण्यासाठी गाडी बघताना मी हायवेवर दोन ठिकाणी त्या नोंदवहीबद्दल विचारले. एकाने “ते काय असतं?” म्हटले, दुसऱ्याने चहा मागवला. बातमी हवी असेल तर तुमच्या वार्ताहराला तिकडे धाडा.

नियमांचा विषय निघालाच आहे म्हणून, त्या सुरक्षित नंबरप्लेटचेही सांगतो. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना ३१ मार्च २०२५ ही ‘अखेरची मुदत’ म्हणून आपण पहिल्या पानावर छापलीत. मी घाबरून ७४५ रुपये अधिक जीएसटी भरले, कराडहून साताऱ्याला दोनदा गेलो, पहिल्या खेपेला प्लेट आलीच नव्हती. नंतर मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली, आणि दर वेळी आपला मथळा ‘अखेरची मुदत’च. शेजारचे गृहस्थ निवांत बसून राहिले होते, ते मला भेटले की अजून हसतात.

ते स्टिकर मी मेस्त्रीकडून हलक्या हाताने सोडवून घेतले होते, अजून माझ्याकडे आहे. छायाचित्र सोबत जोडले आहे. पत्र जागेअभावी कापावे लागले तर वरचे काहीही कापा, पण छायाचित्र छापाच, आणि त्यातला १,०१,३०० हा आकडा वाचता येईल एवढे मोठे छापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कराड