भरती सरकते, टाइमटेबल नाही

संपादक महाशय,

बेटावर राहतो म्हटलं की लोक म्हणतात, मजा आहे बुवा तुमची! अहो कसली मजा, शेवटची बोट सुटली की आख्खं गाव सकाळपर्यंत कुलूपबंद. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते पण बोटीचं टाइमटेबल वर्षभर तेच, मग ओहोटीला बोट गाळात टेकते नि आम्ही धक्क्यावर पिशव्या सांभाळत बसतो. परवा शेजारच्या आजींना चौघांनी खुर्चीसकट उचलून बोटीत चढवलं, पायऱ्या सगळ्या शेवाळलेल्या, एकाची चप्पल गेलीच पाण्यात. पूल नकोच (हे माझं मत, घरात एकमत नाही), पण पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का द्या आणि रात्री पेशंटसाठी एक बोट तयार ठेवा.

– एक बेटवासी वाचक