पाटल्या कपाटातच राहू देत

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांनी पुढचं ऐकून घेतलं नाही आणि आई, तुला रडू फुटलं, म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी शेजारी बसून वाचा. बाबा, चष्मा लावून, आणि शेवटपर्यंत.

बाबा, तुमची हृदयाची बायपास पुण्यात होईल, आणि ती आयुष्मान वय वंदना कार्डावर, म्हणजे सत्तरी पूर्ण झालेल्यांच्या सरकारी उपचार कार्डावर होईल. आईच्या पाटल्या गहाण पडणार नाहीत. ओढ्याकडच्या तुकड्याला गिऱ्हाईक बघायचं नाही, कुणी विचारलं तर नाही म्हणून सांगा. दादाशी आणि वहिनीशी माझं बोलणं झालंय, आम्हा तिघांचं एकमत आहे. बाबा, दिवाळीनंतर मी तुमचा फोटो काढला आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला, तो याच कार्डासाठी. कार्ड तयार आहे, माझ्याकडेच आहे.

तुम्ही म्हणालात, "आयुष्यात कुणाचं फुकट घेतलं नाही, आता मरताना घेऊ?" हे वाक्य मला फार लागलं. मरायचं काय काढलंत? आणि फुकट कसलं? सोसायटीचे हिशेब संपवून घरी आल्यावर ओसरीवर बसून तुम्ही लोकांचे अर्ज लिहायचात, आठवतं? वाडीतल्या बायका संजय गांधी निराधार योजनेचे कागद घेऊन यायच्या. मी दौतीशेजारी टीपकागद धरून बसायची आणि झोप आली की तुमच्याच मांडीवर आडवी व्हायची. एक आजी लाजत होत्या, तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "हे उपकार नाहीत, हक्काचं आहे, अंगठा द्या." त्यांना जे सांगितलंत तेच आज मी तुम्हाला सांगतेय. 70 पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, या कार्डावर कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर 2024 पासून हे सुरू आहे. तुमच्या वयाची पेन्शनर मंडळी, बंगलेवाली मंडळीसुद्धा कार्ड काढतात. तुम्हीच का मागे राहायचं?

विम्याचं तुम्ही विचारलंत. आत्ता पॉलिसी घेतली तरी आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. तुमची साखर जुनी, हृदयाचा रिपोर्ट हातात. हप्ता भरायचा आणि ऑपरेशनचा खर्च वेगळा करायचा, याला अर्थ नाही. खूप विचार करून, चार जाणत्या माणसांना विचारून मी हे ठरवलंय. घाईत केलेलं नाही.

आता तिथे काय होतं ते सांगते, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. योजनेत असलेल्या रुग्णालयात दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. तो कार्ड आणि रिपोर्ट बघतो, रुग्णालय मंजुरीसाठी कागद पाठवतं, मंजुरी आली की ऑपरेशनची तारीख. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, ऑपरेशन, बाबांचं जेवण सगळं धरलेलं असतं. वॉर्ड जनरल असेल, खोली स्वतंत्र नसेल, हे आधीच सांगते. पण पंखा आहे, खाटा स्वच्छ आहेत, मी स्वतः जाऊन बघून आले. संडास वॉर्डाला लागून आहे आणि कमोडचा आहे, गुडघ्यांना त्रास नाही. आई, तू रात्री माझ्याकडे झोपायचंस. बाबांजवळ दादा थांबेल. तुझा चहा, तुझी देवपूजा, काही चुकणार नाही. समई आणायची गरज नाही, माझ्याकडे आहे.

मंजुरीत काही अडलंच तर दुसरी वाटही बघून ठेवलीय. आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्याच लागतात. उच्च न्यायालयाने 2006 साली मंजूर केलेली योजना आहे. ट्रस्ट म्हणून त्यांना सवलती मिळतात, त्याची ही परतफेड आहे, त्यामुळे तिथेही मान खाली घालायचं कारण नाही. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दादाने अर्ज केलाय. बाबा, तलाठ्याशी वाद घालू नका, दाखला आपल्याला हवा आहे.

आई, तुला 70 व्हायला अवकाश आहे, पण रेशनकार्डावर राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत तूही बसतेस. फक्त रेशनकार्डावर तुझं नाव नुसतं आहे आणि आधारवर पुढे "बाई" लागलंय. ते एकसारखं करून घेऊ, नाहीतर ऐन वेळी काउंटरवर अडतं. या कामाला तू टाळाटाळ करतेस, यावेळी चालायचं नाही.

रोजच्या गोळ्यांचंही ऐका. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि ती चिठ्ठी जनऔषधी केंद्रात न्या. तीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. आई, पैसे वाचवायला तू बीपीची गोळी एक दिवसाआड घेतेस, वहिनीने मला सांगितलंय. ते आजपासून बंद. आणि बाबा, रक्त पातळ करायची गोळी ऑपरेशन आहे म्हणून मनाने थांबवू नका. कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील. तंबाखूबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्हाला कळतं.

मला माहितीय, घरासाठी कमवायचा मान कायम तुमचा होता. विहिरीच्या कर्जाच्या वेळीही तुम्ही कुणापुढे हात पसरला नाहीत, आणि माझी फी एकदाही उशिरा गेली नाही. ते पैसे कुठून आले, हे पाटल्यांच्या आधी गेलेल्या तोड्यांवरून मला मोठेपणी कळलं. म्हणून यावेळी आईच्या हातातलं काही जायला नको. एवढा एक हट्ट माझा.

सोमवारी सकाळी दादा गाडी घेऊन येईल. निळ्या पिशवीत अँजिओग्राफीची सीडी, जुने सगळे रिपोर्ट, दोघांची मूळ आधार कार्डं आणि रेशनकार्ड, प्रत्येकाच्या झेरॉक्स घाला. चालू गोळ्यांची पाकिटं रिकामी असली तरी आणा. कुणी डिपॉझिट मागितलं तर देऊ नका, आधी मला फोन करा. मी नाही उचलला तर योजनेच्या मदत क्रमांकावर, 14555 वर विचारा, नंबर दादाच्या फोनमध्ये घातलाय. लाडू करत बसू नकोस आई, आणि बाबांना पायऱ्या चढू देऊ नकोस.

तुमची
चिमी